ना मोठा स्टुडिओ, ना कंपनी, ना रेडिओ, तरी जगभर वाजतंय अमापियानो. पण ते बनवणाऱ्या पोरांच्या हातात काय पडतंय?

रील्स स्क्रोल करताना हा आवाज तुम्ही नक्की ऐकलाय. आधी खुळखुळ्यासारखं काहीतरी वाजत राहतं. मागं संथ पियानो. गाणं नक्की सुरू कधी होणार असं वाटायला लागतं आणि तेवढ्यात खालून एक जाड, घुमणारा 'डुम्ब' येतो, कानापेक्षा पोटात जास्त जाणवणारा. त्यावर कुणीतरी गुडघे वाकवून, खांदे सोडून एकदम निवांत नाचत असतं.

या प्रकाराला म्हणतात अमापियानो. झुलूसारख्या भाषांमध्ये 'अमा' हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणजे सरळ मराठीत 'बरेच पियानो'. जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्ग आणि प्रिटोरियाच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये, वय जेमतेम बारा-तेरा वर्षं. आणि एवढ्या वयात तो लंडन, लागोस, न्यूयॉर्कपर्यंत पोचलाय. २०२३ मध्ये एकट्या स्पॉटिफायवर अमापियानो १४० कोटींहून जास्त वेळा ऐकलं गेलं.

आता तुम्ही म्हणाल, चांगलंय की मग, यात विश्लेषण करण्यासारखं काय? तर मुद्दा असा आहे की हे संगीत कुणाच्याच मालकीचं नव्हतं म्हणून वाढलं. फुकट वाटलं गेलं, कुणी परवानगी मागितली नाही, कुणी कागद केला नाही. आणि आता जगाने ते उचलल्यावर नेमकी तीच गोष्ट त्याला जन्म देणाऱ्या पोरांच्या आड येतीये.

आधी हे वेगळं काय आहे ते बघू

इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मोठा स्टेज, लेझर आणि धाडधाड ठोका. साधारण हाउस म्युझिकचा वेग मिनिटाला १२० ते १२८ ठोके असतो. अमापियानो ११० ते ११५ च्या आसपास चालतं, म्हणजे मुद्दाम संथ. हाउसमध्ये प्रत्येक ठोक्याला खणखणीत किक वाजते, इथं ती बऱ्याचदा मऊ असते किंवा गायबच असते. तिची जागा घेतो लॉग ड्रम.

हा लॉग ड्रम म्हणजे अमापियानोचा जीव. तबल्यात डग्ग्यावर मनगट दाबून आवाज घसरवतात ना, तसा हा खालच्या पट्टीत घसरत, उसळत जाणारा आवाज. गंमत म्हणजे हे कुठलं खरंखुरं वाद्य नाहीये. एफएल स्टुडिओ नावाचं संगीत बनवायचं एक सॉफ्टवेअर आहे, बेल्जियमच्या एका कंपनीचं. त्यात डीएक्स१० नावाचा एक डिजिटल सिंथ आहे आणि त्यात 'लॉग ड्रम' नावाचा तयार आवाज आधीपासून पडून होता. लाकडाच्या ओंडक्यावर वाजवल्यासारखा. जगभरातल्या लाखो लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये तो होता, पण त्याचं काय करायचं हे कुणाला सुचलं नव्हतं. वस्तीतल्या पोरांनी तो खालच्या पट्टीत ओढला, थोडा फाडला आणि बेसच्या जागी बसवला. हा आवाज रुळवण्याचं श्रेय बहुतेक जण एमडीयू उर्फ टीआरपी या निर्मात्याला देतात.

एफएल स्टुडिओच का, तर ते साध्या कॉम्प्युटरवर चालतं. अनेकांनी सुरुवात क्रॅक केलेल्या व्हर्जनवरच केली. स्टुडिओ म्हणजे घराच्या मागची खोली, स्पीकर म्हणजे जे मिळतील ते.

आणि हे सगळं आकाशातून पडलं नाही. १९९४ ला मंडेला निवडून आले, वर्णभेदाची राजवट संपली आणि त्याच काळात वस्त्यांमध्ये क्वाइटो नावाचं संगीत फुललं. शिकागोहून आलेलं हाउस म्युझिक संथ करायचं आणि त्यावर वस्तीच्या बोलीत बोलल्यासारखं गायचं. पुढं प्रिटोरियात 'बकार्डी हाउस' आलं, ज्यातलं डीजे मुजावाचं 'टाउनशिप फंक' २००८ मध्ये ब्रिटनच्या वॉर्प रेकॉर्ड्सने जगभर प्रसिद्ध केलं. तिकडं समुद्रकिनाऱ्यावरच्या डर्बनमध्ये ग्वॉम नावाचा एकदम काळोख्या, कडक ठोक्याचा प्रकार तयार झाला. अमापियानोत क्वाइटोचा संथपणा आहे, बकार्डीचे ताशासारखे कडकडीत ठोके आहेत, हाउसची लांबी आहे आणि जॅझचा पियानो आहे.

जन्म नेमका कुठला, यावर तिकडं आजही भांडणं होतात. कुणी म्हणतं सोवेटो, कुणी अलेक्झांड्रा, कुणी प्रिटोरियाची मामेलोडी वस्ती, कुणी जोहान्सबर्गच्या पूर्वेचं कॅटलहाँग. मिसळ कोल्हापूरची की पुण्याची की नाशिकची, या वादासारखाच हा वाद आहे, मिटणार नाही. 'अमापियानो' हे नाव मात्र कॅटलहाँगच्या एमएफआर सोल्स या जोडीने रूढ केलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

वडापमध्ये वाजत वाजत मोठं झालं

वस्ती म्हणजे तिकडचं टाउनशिप. वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांना शहराबाहेर हाकलून जिथं बसवलं गेलं, त्या या जागा. सोवेटो हे नावसुद्धा 'साउथ वेस्टर्न टाउनशिप्स' याचं लघुरूप आहे. कामाला शहरात जायचं तर लांबचा प्रवास, आणि तो करायचा मिनीबस टॅक्सीतून. आपल्याकडच्या वडापचा थोरला भाऊ म्हणा. ठरलेला रस्ता, भरली की निघणार, आणि ड्रायव्हरच्या मर्जीचं संगीत. दक्षिण आफ्रिकेत सार्वजनिक वाहतुकीने फिरणारे बहुतेक लोक याच टॅक्सीने फिरतात.

सुरुवातीच्या काळात अमापियानोला ना मोठ्या रेडिओ स्टेशनने विचारलं, ना रेकॉर्ड कंपन्यांनी. मग पोरांनी एमपीथ्री फाइल बनवली आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. फुकट डाउनलोडच्या साइटवर चढवली. पेन ड्राइव्हमध्ये भरून टॅक्सी ड्रायव्हरच्या हातात दिली. तिकडं मोबाइल डेटा इतका महाग होता की २०१६ मध्ये 'डेटा मस्ट फॉल' अशी मोहीम चालली होती. अशा ठिकाणी सगळ्यांनी स्ट्रीमिंग अ‍ॅपवर ऐकावं ही अपेक्षाच चूक होती. एकाने डाउनलोड करायचं आणि दहा जणांनी त्याच्याकडून घ्यायचं, हाच मार्ग.

टॅक्सीत वाजलं की ते शिसान्यामावर पोचायचं. शिसान्यामा म्हणजे खाटकाच्या दुकानाला लागूनच मांस भाजून देणारा अड्डा. रविवारी दुपारी तिथं गाड्या लावायच्या, डिक्की उघडून गाणी लावायची आणि संध्याकाळपर्यंत बसायचं. कुठलं गाणं चालणार हे त्या गर्दीने ठरवलं. लोक उठून नाचले तर गाणं पास, नाहीतर पुढच्या आठवड्यात दुसरं. आपल्याकडं डीजेचं मिक्स ग्रुपवर फिरत गावोगाव पोचतं आणि मिरवणुकीत त्याचा निकाल लागतो, तसंच काहीसं. फरक एवढाच की आपले डीजे मिक्समध्ये दर मिनिटाला स्वतःचं नाव घालतात, म्हणजे चोरणाऱ्यालाही ते काढता येत नाही. ऐकायला वैताग येतो खरा, पण त्यामागचं डोकं पुढं कळेल.

२०१९ मध्ये काब्झा डी स्मॉल आणि डीजे माफोरिसा या दोघांनी 'स्कॉर्पियन किंग्ज' नावाचा अल्बम आणला आणि चित्र बदललं. माफोरिसा आधीपासून मोठा खेळाडू, ड्रेकच्या २०१६ मधल्या 'वन डान्स' या गाण्यातही त्याचा हात होता. काब्झा मात्र याच वस्तीच्या संगीतातून वर आलेला. दोघे एकत्र आल्यावर जे संगीत खालच्या दर्जाचं म्हणून बाजूला ठेवलं जायचं, ते देशातलं मुख्य संगीत झालं.

मग लॉकडाऊन आलं. मार्च २०२० मध्ये क्लब बंद, शिसान्यामा बंद, दारूविक्रीवरसुद्धा बंदी. संगीत इथं थांबायला हवं होतं, पण ते फोनमध्ये शिरलं. मेजर लीग डीजेझ या जुळ्या भावांनी 'बाल्कनी मिक्स' नावाने यूट्यूबवर तासतासभराचे सेट टाकायला सुरुवात केली. मपारा ए जॅझच्या 'जॉन वुली गेट'वर नाचाचं चॅलेंज चाललं. (त्याच वर्षी जगभर गाजलेलं 'जेरुसलेमा' अनेकांना अमापियानो वाटतं. ते अमापियानो नाही, भक्तिगीताच्या अंगाने जाणारं हाउस आहे. पण दक्षिण आफ्रिकेच्या गाण्यावर जग नाचू शकतं हे त्याने दाखवलं.)

ऑक्टोबर २०२१ मध्ये सोवेटोतल्या एका कार्यक्रमाचा छोटासा व्हिडिओ फिरला. डेकवर एक मुलगी, 'आदीवेले' हे गाणं लावते आणि स्वतःच नाचायला लागते. बस, एवढंच. एस्वातिनी या शेजारच्या छोट्या देशातून आलेल्या या मुलीचं नाव अंकल वॉफल्स. दीड वर्षात, २०२३ च्या एप्रिलमध्ये ती अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवाच्या स्टेजवर होती.

या प्रकारात बायका फक्त मागे गाणाऱ्या राहिल्या नाहीत, हेही महत्त्वाचं आहे. मूळची झिम्बाब्वेची गायिका शा शा हिला २०२० मध्ये अमेरिकेतला बीईटी पुरस्कार मिळाला. डीबीएन गोगोसारख्या डीजे, कामो म्फेलासारखी नर्तकी यांच्यामुळे गाणी चालली. म्हणजे नाच हा अमापियानोला लावलेला मसाला नाही, तो त्याचा अर्धा भाग आहे. नव्या गाण्यासोबत नवी स्टेप आली नाही तर गाणं अर्धवट वाटतं.

ग्रॅमीच्या रात्री काय झालं

४ फेब्रुवारी २०२४. ग्रॅमी पुरस्कारांमध्ये पहिल्यांदाच आफ्रिकी संगीतासाठी एक स्वतंत्र पुरस्कार दिला जाणार होता. नामांकनात पाच गाणी. त्यातल्या एका गाण्याचं नावच 'अमापियानो'. गायक कोण? असाके आणि ओलामिडे, दोघेही नायजेरियाचे. दुसरं गाणं डेव्हिडोचं 'अनअव्हेलेबल', तेही नायजेरियाचं, त्यातला लॉग ड्रम अगदी समोरून ऐकू येतो. त्यात सोबतीला दक्षिण आफ्रिकेचा म्युसा कीझ होता. बर्ना बॉय आणि आयरा स्टार हेही नायजेरियाचेच. पाचवं गाणं टायलाचं 'वॉटर'. जोहान्सबर्गची, २२ वर्षांची पोरगी.

जिंकली टायला. दक्षिण आफ्रिकेत जल्लोष झाला तो फक्त पुरस्काराचा नव्हता. आपला आवाज, आपल्या वस्तीचं नाव आणि बक्षीस घ्यायला भलतेच लोक, अशी वेळ येता येता टळली होती.

पण इथं थोडं थांबू. 'वॉटर' हे शुद्ध अमापियानो नाहीच. ते पॉप आणि आर अँड बी आहे, खाली अमापियानोची फोडणी दिलेली. टायला स्वतःच त्याला 'पॉपियानो' म्हणते. हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. दक्षिण आफ्रिकेच्या एकट्या कलाकाराचं गाणं त्या यादीत येण्याची ही ५५ वर्षांनंतरची पहिली वेळ, आधी १९६८ मध्ये ह्यू मासेकेलाने ते केलं होतं. पण मासेकेलाला पहिल्या क्रमांकावर जाताना काही पातळ करावं लागलं नव्हतं, असं म्हणणारेही तिकडं आहेत. मला ती तुलना थोडी अन्यायाची वाटते. दोन-अडीच मिनिटांचं गाणं मागणाऱ्या काळात सात मिनिटांचं अमापियानो तसंच्या तसं अमेरिकेत चाललं नसतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एमटीव्हीच्या सोहळ्यात टायलाला 'बेस्ट आफ्रोबीट्स' असा पुरस्कार मिळाला. तिने तो घेतला आणि स्टेजवरूनच सांगितलं की आफ्रिकेतल्या सगळ्या कलाकारांना आफ्रोबीट्स या एकाच पोत्यात भरायची सवय लागलीये, मी अमापियानोचं, माझ्या संस्कृतीचं प्रतिनिधित्व करते. आफ्रोबीट्स हा नायजेरिया आणि घानाकडचा प्रकार. एखाद्या मराठी लावणी कलाकाराला दिल्लीत 'सर्वोत्कृष्ट भांगडा' म्हणून ट्रॉफी द्यावी, तसा हा घोळ.

नायजेरियाच्या कलाकारांनी लॉग ड्रम चोरला का? सोशल मीडियावर यावर तुफान भांडणं झाली. पण नीट पाहिलं तर प्रकरण इतकं सोपं नाही. नायजेरिया मोठा देश, लंडन-न्यूयॉर्कमध्ये त्यांचे लोक भरपूर, त्यांच्या गाण्यांना तयार बाजार. दक्षिण आफ्रिकेच्या फोकॅलिस्टिकचं 'के स्टार' हे गाणं डेव्हिडोने २०२१ मध्ये रिमिक्समध्ये साथ दिल्यावर कितीतरी दूर गेलं. म्हणजे रस्ता त्यांनीच दाखवला. आणि ध्वनीची शैली ही कुणाची मालमत्ता होऊच शकत नाही. कायदा विशिष्ट गाण्याला, विशिष्ट रेकॉर्डिंगला संरक्षण देतो. लावणीवर कुणाचा हक्क नसतो, एखाद्या लावणीच्या शब्दांवर आणि चालीवर असतो. लॉग ड्रमचंही तसंच.

म्हणजे खरा प्रश्न नायजेरिया नाही. तो घरातलाच आहे.

पैशाचं गणित कुठं गंडतं?

२०२३ चं गाजलेलं गाणं घ्या, 'म्निके'. मुख्य नाव टायलर आयसीयू. सोबत माफोरिसा, नंदिफा८०८, सीका आरएसए आणि तुमेलो. पाच नावं. २०२४ चं 'त्श्वाला बाम' घ्या, त्यावर चार नावं, मग बर्ना बॉय आलेलं रिमिक्स वेगळं. अमापियानो असंच बनतं. एकाच्या खोलीत चौघं जमतात, एक ठोका बसवतो, दुसरा पियानो, तिसरा लॉग ड्रम, चौथी गाते. पहाटे गाणं तयार. कोणाचा किती वाटा हे त्या रात्री कुणीच लिहीत नाही, कारण त्या रात्री ते गाणं चालेल की नाही हेच माहीत नसतं. चाललं की भांडणं सुरू.

त्यात स्ट्रीमिंगचे नियम या संगीतासाठी बनलेलेच नाहीत. स्पॉटिफायवर तुम्ही गाणं ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो. गाणं दोन मिनिटांचं असो की आठ, मोजणी एकच. म्हणजे एका तासात दोन मिनिटांची गाणी ऐकली तर तीस स्ट्रीम, आणि अमापियानोची सात-आठ मिनिटांची गाणी ऐकली तर आठ. संगीत तेवढंच, वेळ तेवढाच, पण हिशेब चौथ्या हिश्श्याचा. आणि जे येईल ते पाच नावांत वाटायचं. शिवाय २०२४ पासून ज्या गाण्याला वर्षभरात १,००० स्ट्रीम मिळत नाहीत, त्याला रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. अमापियानोचे निर्माते आठवड्याला गाणी सोडतात, त्यातलं एखादं चालतं. न चाललेल्यांचं खातं शून्य.

मग कमाई कुठून? कार्यक्रमांतून. शुक्रवार ते रविवार एका रात्रीत दोन-तीन ठिकाणी वाजवायचं, मधलं अंतर गाडीने कापायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये म्पुरा आणि किलर काउ हे दोन तरुण गायक रुस्टेनबर्गला कार्यक्रमासाठी जाताना रस्त्यावरच्या अपघातात गेले, त्यांच्यासोबतचे काही साथीदारही गेले. दोघांची गाणी तेव्हा देशभर वाजत होती. अपघात कुणाचाही होऊ शकतो हे मान्य. पण ज्यांच्या गाण्यांवर लाखो लोक नाचतायत, त्यांनाही घर चालवायला दर वीकेंडला रात्रीचा हायवे धरावा लागतो, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

यावर पोरं हे काम सोडत का नाहीत, असा प्रश्न पडू शकतो. दक्षिण आफ्रिकेत बेरोजगारीचा अधिकृत दर ३० टक्क्यांच्या वर आहे आणि १५ ते २४ वयोगटात काम शोधणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्के बेरोजगार आहेत. सोडून जाणार कुठं? उलट लॅपटॉप हीच एक गोष्ट आहे जिला अनुभवाचं प्रमाणपत्र लागत नाही.

सरकार काय करतंय? देशाचा कॉपीराइट कायदा १९७८ चा, म्हणजे कॅसेटच्या जमान्यातला. त्यात बदल करणारं विधेयक २०१९ मध्ये संसदेत मंजूर झालं. राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी ते २०२० मध्ये परत पाठवलं. २०२४ च्या सुरुवातीला ते पुन्हा मंजूर झालं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी सही करण्याऐवजी ते तिथल्या घटनात्मक न्यायालयाकडं पाठवलं. या पाच वर्षांत अमापियानो वस्तीतून कोचेलापर्यंत गेलं, विधेयक राष्ट्राध्यक्षांच्या टेबलापलीकडं गेलं नाही. (त्या विधेयकावर कलाकारांमध्येही एकमत नाहीये, हेही खरं. एका गटाला ते हवंय, दुसऱ्याला त्यातल्या सवलती धोकादायक वाटतात.)

हे आधीही झालंय, आपल्या शेजारीच

नाव एका गावाचं आणि फायदा दुसऱ्या गावाचा, हे डान्स म्युझिकमध्ये नवं नाही. टेक्नो अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये काळ्या तरुणांनी १९८० च्या दशकात घडवलं. आज टेक्नो म्हटलं की लोकांना बर्लिन आठवतं, आणि मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची नोंद जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत झालीसुद्धा.

दुसरं उदाहरण तर आपल्या हद्दीला लागून आहे. गोवा ट्रान्स. हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर १९८० च्या दशकाच्या शेवटी परदेशी डीजे रात्रभर वाजवायचे. उकाड्यात रेकॉर्डच्या तबकड्या वाकतात म्हणून डिजिटल टेपवर वाजवायचे. त्यातून जो आवाज तयार झाला त्याला १९९० च्या दशकात लंडनच्या छोट्या कंपन्यांनी रेकॉर्डवर आणलं, आणि नाव पडलं गोवा. आजही जर्मनीत अशा पार्टीला नुसतं 'गोवा' म्हणतात. पण या संगीताच्या सुरुवातीच्या गाजलेल्या निर्मात्यांमध्ये गोंयकार शोधायला गेलात तर हाताला फारसं कुणी लागत नाही. गावातल्यांच्या वाट्याला आलं ते खोल्या भाड्याने देणं, दुचाक्या भाड्याने देणं आणि पार्टीच्या कडेला चटई टाकून रात्रभर चहा-ऑम्लेट विकणं. पुढं पोलीस, आवाजाचे नियम आणि बदनामी, हेही गावाच्याच वाट्याला.

अमापियानो आणि गोवा यांत मोठा फरक आहे. तिथं संगीत बनवणारे पाहुणे होते, इथं घरचेच आहेत. काब्झा, माफोरिसा, केल्विन मोमो ही नावं आजही या प्रकारातली पहिली नावं आहेत, आणि नवीन वळणं अजून तरी तिथल्याच खोल्यांमधून येतायत. केल्विन मोमोचा जॅझकडं झुकणारा मऊ प्रकार, ज्याला 'प्रायव्हेट स्कूल पियानो' म्हणतात, तिथलाच. थॅकझिनने पुढं आणलेलं 'थ्री-स्टेप', ज्यात एका आवर्तनात चारऐवजी तीन किक वाजतात, तेही तिथलंच. लंडनचा निर्माता लॉग ड्रम डाउनलोड करू शकतो, पण पुढच्या वर्षी कुठला आवाज चालणार हे त्याला अजूनही जोहान्सबर्गकडूनच कळतं.

आता मात्र फाइल सोडण्याआधी कोणाचा वाटा किती हे कागदावर लिहून घ्या, असं तिकडचे जुने कलाकार नव्या पोरांना जाहीरपणे सांगायला लागलेत. आपल्या डीजेंचं दर मिनिटाला नाव घालणं आठवतंय ना, त्याचाच हा सभ्य अवतार.

तुम्हाला ऐकून बघायचंय तर 'स्कॉर्पियन किंग्ज'पासून सुरुवात करा, मग काब्झाचा २०२० चा 'आय अ‍ॅम द किंग ऑफ अमापियानो', मग केल्विन मोमो. मोबाइलच्या स्पीकरवर लॉग ड्रमचा अर्धा भाग ऐकूच येत नाही, त्यामुळं हेडफोन लावा किंवा गाडीत ऐका. आणि पहिल्या दीड मिनिटात काहीच घडत नाहीये असं वाटलं तर गाणं पुढं ढकलू नका, ते तसंच असतं.